शाळेत जमिनीत, वावरात झाडाले

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत वऱ्हाडात कोण कोणता धंदा धरील याचा नेम उरला नव्हता. अमरावतीच्या एका पेठेतले पंतोजी असेच एका सकाळी शाळा सोडून कापसाचे दलाल झाले. त्यांच्या जागी कोणीतरी हवं होतं, आणि मी अकोल्याला मामांकडे नुसता बसून होतो. मामांनी मला पुण्याकडून बोलावलं होतं ते दलालीत घालायला. पण कापूस ओला की कोरडा हे मला हात लावूनही कळेना. शेवटी त्यांनी मला बैलगाडीत बसवलं. "पोरांना शिकव," म्हणाले, "तिथं हात लावून बघावं लागत नाही."

शाळा एका कास्तकाराच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या, पडवीत भरे. पोरं सहा-सात वर्षांची. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सात आठे?" एक म्हणाला, "पन्नास." सगळी पडवी म्हणाली, "पन्नास." मी त्यांच्याकडे पाहिलं. लगेच सगळे म्हणाले, "साठ." मी जरा खाकरलो, तर मागून "चोपन्न" आलं, आणि थोड्या वेळाने, मी काही न शिकवता, छप्पन्न बरोबर आलं. मला वाटलं, पोरं हुशार आहेत.

एक माळ्याची पोर धाकट्या भावाला सांभाळायच्या निमित्ताने दाराशी येऊन बसे. तिने दोन दिवसांत माझा भ्रम घालवला.

"पंतोजी, उत्तर चुकलं का तुमची डावी भिवई वर जाते," ती म्हणाली. "बरोबर आलं का खाली येते. पोट्टे तिकडंच पाहून राहिले."

दुसऱ्या दिवशी मी तोंडावर उपरणं घेतलं. पोरं माझा आवाज ऐकू लागली. मी पोरांकडे पाठ करून बसलो, तर खुसखुस ऐकू आली. विचारलं तेव्हा कळलं की चुकीच्या उत्तराला माझ्या पायाचा अंगठा हलतो.

तेव्हा मी ठरवलं की आपणच चुकायचं. चेहरा दगडासारखा ठेवून मी सांगितलं, "ऐका. कापूस जमिनीखाली येतो. हळदीसारखा. खणून काढावा लागतो."

समोर बसलेल्या निम्म्या पोरांच्या केसांत कापूस अडकलेला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. "हो, पंतोजी."

मला रडू येईल असं झालं. ज्याच्या पडवीत आम्ही बसलो होतो त्या कास्तकाराच्या मुलाला उभं केलं.

"तुमच्या वावरात काय आहे?"

"कापूस."

"कुठं येतो तो?"

"झाडाले."

"आणि मी काय सांगितलं?"

"जमिनीत."

"मग खरं काय?"

त्याने पुष्कळ विचार केला. त्याला मला दुखवायचं नव्हतं आणि बापालाही. "शाळेत जमिनीत," तो म्हणाला, "वावरात झाडाले."

त्याच दुपारी मी सगळ्यांना वावरात नेलं. बोंडं फुटून शेत पांढरं झालं होतं. मी म्हटलं, "माझ्या तोंडाकडे पाहायचं नाही. झाडाकडे पाहा आणि मला सांगा." पोरं झाडांकडे आणि चोरून माझ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागली. मग माळ्याच्या पोरीने एक बोंड तोडलं, माझ्यासमोर धरलं आणि हळूच म्हणाली, "पंतोजी, तुमी चुकले."

पोरं छडीची वाट पाहत उभी राहिली. मी तिला गुळाचा खडा दिला. मग नियम सांगितला: कोणीही काही म्हणालं, अगदी मी म्हणालो तरी, "दाखवा" म्हणायचं, आणि दुसऱ्याला चूक म्हणायचं तर आपणही दाखवायचं. सात आठे पन्नास म्हणणाऱ्याने चिंचोके मांडून दाखवावेत.

पडवीत हे छान चाललं. पण पोरं संध्याकाळी घरी जात, याचा मी विचार केला नव्हता.

काही दिवसांनी तो कास्तकार स्वतः माझ्यासमोर येऊन बसला. सुपारी कातरू लागला.

"पंतोजी, पोराले काय शिकवून राहिले तुमी?"

"खरं-खोटं ओळखायला."

"मी जेवताना म्हनलं, पेठेत सगळ्यात उंच बैल आपला. तर म्हनते, दाखवा. दोर घेऊन गेला, आपला बैल मोजला, शेजाऱ्याचा मोजला. त्याचा वीतभर जास्त निघाला. आता सारी पेठ हासून राहिली." त्याने सुपारी तोंडात टाकली. "ओळखू द्या, पन घरी कायले? बाजारात ओळख म्हना."

मी म्हटलं, मग न्या बाजारात. त्याने ते मनावर घेतलं. पुढच्या बाजाराला पोराला बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून नेलं, आणि परत येताना बंडी घरी न नेता सरळ पडवीपाशी उभी केली.

"दलालानं कापसात हात घातला," तो सांगू लागला, "अन् म्हने, ओला हाये, भाव कमी. हे पोट्टं म्हनते, दाखवा. तो हासला. हे हाललंच नाही. लोक जमले. मंग त्यानं मूठभर काढला. मी दाबला, अजून चार जनांनी दाबला. कोरडा ठणठणीत."

"दलाल काय म्हणाला?"

"दलाल म्हनजे आपले जुने पंतोजी," कास्तकार म्हणाला. "ते म्हने, मी असतो तर हे शिकवलं नसतं."

त्यानंतर पेठेतून तक्रार आली नाही. उलट आणखी पोरं आली, आणि माळ्याने आपल्या पोरीला दारातून उठवून आत बसवलं.

मी जरा फुशारलो असेन. एके दिवशी सांगून बसलो की पृथ्वी गोल आहे.

"दाखवा," माळ्याची पोर म्हणाली.

मी लिंबू दाखवलं. ती म्हणाली, "हे लिंबू हाये." मी पुस्तक दाखवलं. ती म्हणाली, "कापसाचं पुस्तकात जमिनीखाली लिवलं असतं तर?" वऱ्हाडाची ती काळी सपाट जमीन चहूकडे पसरलेली होती आणि तिच्यात गोल असं काही दिसत नव्हतं.

"मला आत्ता दाखवता येत नाही," मी म्हटलं. "माझा विश्वास आहे, पण दाखवता येत नाही."

"मंग अजून माहीत नाही म्हना," ती मला समजावत म्हणाली. "बरोबर नाही, चूक नाही. अजून माहीत नाही."

मला हे तिसरं उत्तर फार आवडलं. शाबासकी दिली, सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाढे घ्यायला बसलो आणि कास्तकाराच्या मुलाला विचारलं, "नऊ साते?"

तो चिंचोक्यांना हातही न लावता, अगदी शांतपणे म्हणाला, "अजून माहीत नाही, पंतोजी."

आणि सगळी पडवी एका सुरात म्हणाली, "अजून माहीत नाही."