काकींची माती आणि आमची गांडुळं

लॅबमध्ये सॅम्पलच्या बाटल्या साठतात तसे किस्सेही साठतात. बाटल्यांवर निदान लेबल तरी असतं! पण काकींच्या मातीचे किस्से मला लेबल नसूनही तोंडपाठ आहेत.

काशीमीऱ्याला गॅरेजांच्या मागे एका गाळ्यात आमची माती तपासायची लॅब आहे. माणसं तीनच: साने सर, स्नेहा आणि मी. काकी तिथल्याच, जुन्या भातशेतीवाल्या. त्यांनी शेताचा एक तुकडा ट्रकच्या गॅरेजला दिला होता. गॅरेज गेलं, ऑइल मातीत राहिलं. आता तिथे त्यांना मेथी लावायची होती.

"इष हाय का न्हाय, येवढंच सांगा," काकी म्हणाल्या.

सरांनी समजावलं. मातीत ऑइल एकूण किती आहे हा एक आकडा, आणि त्यातलं जिवाच्या अंगात किती जाऊ शकतं हा दुसरा. काही भाग मातीला असा चिकटतो की सुटतच नाही. "म्हणजे काकी, ते आहे, पण मिळत नाही."

काकी गोंधळल्या. मग चेहरा उजळला. "आमच्या नलाच्या पान्यासारखं!"

सर हे वाक्य आता ट्रेनिंगमध्ये वापरतात.

*

दुसऱ्या आकड्यासाठी गांडुळं लागतात. ती मातीत ठेवायची आणि त्यांच्या अंगात काय उतरलं ते मोजायचं. त्यांचं पार्सल एकदा चुकून स्नेहाच्या घरी, पूनम सागर सोसायटीत गेलं. शेजारच्या गुजराती आंटींनी डब्यातली वळवळ बघून तिला दारातच धरलं.

"बेटा, इनको मारने वाली है क्या?"

"नहीं आंटी, बस मिट्टी में रखेंगे."

"कैसी मिट्टी?"

स्नेहा म्हणते, एवढा अवघड प्रश्न तिला व्हायव्हालाही आला नव्हता!

*

काकींच्या मातीत गांडुळं स्नेहाने सोडली. आकडा अगदी कमी आला. सरांनी उत्साहाच्या भरात लगेच फोन लावला, "काकी, लावा मेथी!"

मग खात्रीसाठी पुन्हा टेस्ट केली. स्नेहा रजेवर होती, म्हणून गांडुळं मी सोडली. आकडा कितीतरी वाढला! तीच माती, तीच गांडुळांची जात, तेच मशीन. सर माझ्याकडे बघतायत, मी मशीनकडे. ते साफ करून पुन्हा चालवलं, तरी तेच. आमचं डोकंच चालेना.

स्नेहा परतली आणि सहज म्हणाली, "सर, ह्यावेळी चहाचा चोथा नव्हता का टाकला? बिचारी उपाशी राहतात, म्हणून मी घालते."

सर खुर्चीत बसले. ऑइल चोथ्याने धरून ठेवलं होतं, गांडुळांना मिळालंच नव्हतं.

*

आता काकींना सांगायचं कसं, ह्यावर आमची चर्चा चालू असतानाच काकी दारात! हातात हिरवीगार मेथी. "पयली जुडी तुमाला."

कुणी हात पुढे करेना. मला फार वाईट वाटलं. सरांनी चोथ्यासकट सगळं सांगितलं, आणि ही मेथी खाऊ नका म्हणाले.

काकींनी जुडी पिशवीत परत ठेवली. "म्हंजे चहावाली माती बरी, आन माझी वाईट?"

"तसं... म्हणजे... हो," सर म्हणाले.

काकी पिशवी उचलून निघून गेल्या.

बऱ्याच दिवसांनी त्या मातीची नवी पिशवी घेऊन आल्या. सरांनी पिशवीचं तोंड सोडलं आणि लॅबभर आलं-वेलचीचा वास सुटला.

"आता मोजा," काकी स्टूल ओढून बसत म्हणाल्या. "बघू मिलतं का!"