चार्जर घेत नव्हता ती बॅटरी

ट्रॅक्टरवरून पडून मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, कंबरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून तिगावच्या आमच्या बगीच्यातल्या घरात त्यांची खाट खिडकीशी असे. संत्र्यांवर माकडं उतरू लागली तेव्हा माझ्या नवऱ्याने नागपूरहून प्लास्टिकच्या गोळ्यांची, बॅटरीवर चालणारी एअरसॉफ्ट बंदूक आणली. पानांत गोळ्या सळसळल्या की टोळी पळे. मामाजी पडल्यापडल्या बंदूक चालवत. कित्येक महिन्यांनी ते भूक लागली म्हणू लागले.

ह्यांनी मला बजावलं होतं, ही लिथियम पॉलिमर बॅटरी आहे, फरशीवर ठेवून डोळ्यांसमोरच चार्ज करायची आणि काम झालं की बंदुकीतून काढायची. एकदा मी काढायची विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे पांढुर्ण्याला गेले होते. बॅटरी पार उतरली होती. चार्जर ती घेईना, नुसता पीं पीं करत राहिला. बाहेर माकडं फांद्या मोडत होती.

"कर ना वं काही, सारा बगीचा खाऊन राहिले," मामाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

चार्जरने ती घ्यावी म्हणून मी त्याच्यावर बटण दाबून दुसऱ्याच जातीच्या बॅटरीचा पर्याय निवडला. चार्जिंग मुकाट्याने सुरू झालं. घाईत बॅटरी खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली आणि डबा वाजवत झाडांकडे धावले.

परतले तेव्हा ती टम्म फुगली होती. मी प्लग ओढला, तोच फुस्स आवाज झाला आणि जाळ चादरीवर आला. खोली पांढऱ्या धुराने भरली. खाट दारातून निघेना. मी हाका मारल्या, पण शेजारच्या वावरात कोणी नव्हतं.

"तू बाहेर हो पोरी. मले राहू दे."

मी त्यांना काखेत धरून ओढलं. उंबऱ्यावर माझे हात सुटले. क्षणभर वाटलं, आता होत नाही. मग पुन्हा धरलं.

अंगणात दिसलं, त्यांचा डावा पाय पोटरीपर्यंत भाजला होता. त्यांना कळलंच नव्हतं. काही जळालं का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

जखम भरेना. शेवटी दवाखान्यात पायाची दोन बोटं काढावी लागली. ह्यांना मी सारं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. नवी बॅटरी बाहेर ओट्याच्या फरशीवर चार्ज होते आणि होईस्तोवर मी समोरून हलत नाही. बंदूक आता हेच चालवतात. मी एकदा मामाजींना विचारलं, तुमच्याजवळ देऊ का.

"नाही वं. तू लई भेली होतीस त्या दिवशी," ते म्हणाले, आणि त्यांनी खाट खिडकीकडून भिंतीकडे वळवायला सांगितली.