थोपटणारा हात

नेकनूरहून बीडला जाणाऱ्या एसटीत माझ्यापुढं एक बाई उभी होती. डावा हात पदराखाली आडवा धरलेला, आणि उजव्या तळव्यानं ती पदरावरून हलकेच थोपटत होती. कुशीत तान्हं असणार, म्हणून मी उठले. "बसा, लेकरू आहे तुमच्याजवळ."

ती बसली आणि तिनं पदर सारला. लेकरू नव्हतंच. कोपरापर्यंत लाल, खरखरीत झालेला तिचा हात होता.

"लई खाजतंय," ती ओशाळून हसली. "उसाच्या पाचटानं कातडं चिडलंय. दवाखान्यातल्या बाई म्हनल्या, मलम लाव, खाजवू नको. पर हाताला कायतरी काम पायजे की. तीन लेकरं थोपटून वाढवली, आता ह्या हाताला थोपटते."

मध्येच खाज अनावर झाली की ती डोळे घट्ट मिटायची, पण थोपटण्याचा वेग वाढू द्यायची नाही. उतरताना तिनं मनगट पुढं केलं. तिथं कोवळं, नवं कातडं आलं होतं.

थंडीत माझेही हात कोरडे पडतात आणि मी ते रक्त येईस्तोवर खाजवते. यंदा अंघोळ झाली की ओलसर अंगालाच खोबरेल लावते, आणि खाज सुटली की थोपटते.

परवा चौसाळ्याच्या एसटीत शालीखालचा हात वरून थोपटत उभी होते. एक आजोबा लगबगीनं उठले.

"बस माय, निजू दे लेकराला."

मी बसले, आणि हात निजेपर्यंत थोपटत राहिले.