लाल आणि हिरवा एकदम

"मॅडम, सकाळी मशीन चालू केली की लाल-हिरवा दोन्ही दिवे लागतात. मी आत हात घालणार नाही," मेश्राम शांतपणे म्हणाले.

चंद्रपूरकडून आलेले मेश्राम भोसरीच्या एका कारखान्यात पत्र्याला दाबून आकार देणारी पॉवर प्रेस चालवायचे. प्रेसच्या सुरक्षा-दाराचा प्रोग्राम बिबवेवाडीतल्या आमच्या छोट्या कंपनीचा. दार बंद तर हिरवा, उघडं तर लाल. हिरवा असेल तरच प्रेस खाली येणार. कारखान्याने मेश्रामांना कामचुकारपणाची नोटीस दिली होती. आठवड्याभरात नोकरी जाणार होती.

"तीनदा जाऊन तपासलं, सगळं व्यवस्थित," आमचे बॉस जोशीसर म्हणाले. "आता काय त्यांच्या स्वप्नातले दिवे डीबग करायचे?"

मला मात्र तो माणूस खोटं बोलेलसं वाटेना. मी कंपायलरने बनवलेला मशीन कोड काढून बसले. कंपायलर आपलं लिखाण चिपच्या भाषेत उतरवतो. 'दार बंद आहे का' हे आम्ही बूलियनमध्ये ठेवलं होतं. बूलियन म्हणजे हो किंवा नाही, एक किंवा शून्य. पण मेमरीत त्याला अख्खा बाइट मिळतो आणि त्यात २५५ पर्यंत काहीही मावतं. कंपायलर मात्र एक किंवा शून्यच गृहीत धरतो. हिरव्यासाठी तो बघत होता, शून्य नाही ना? लालसाठी शेवटचा बिट, म्हणजे त्या बाइटमधला शेवटचा एक-शून्याचा अंक, उलटा करून पुन्हा तेच. एकाचं शून्य होतं, ठीक. पण आत चार असेल तर? चार म्हणजे शून्य नाही, हिरवा लागला. उलटवून झाले पाच. तेही शून्य नाही, लाल लागला!

सुरुवातीची किंमत भरायला आम्हीच विसरलो होतो. मशीन चालू होताना मेमरीत असेल तो कचरा तसाच राहायचा. दार एकदा हललं की खरी किंमत यायची. तोवर दार उघडं असलं तरी हिरवा लागून प्रेस खाली येऊ शकत होती. आणि आम्ही हुशार मंडळी तपासणीची सुरुवातच दार उघडून करायचो.

"चूक आपली, असं कारखान्याला लेखी द्यायचं? अहो, क्लायंट जाईल!"

"सर, नाहीतर कुणाचा तरी हात जाईल."

जोशीसरांनी खिशातलं पेन काढलं. "टाइप करा. सही मी करतो."

नोटीस मागे घेतली गेली. मेश्रामांनी फोनवर विचारलं, "म्हणजे मला दिसलं ते बरोबर होतं ना, मॅडम?"

"शंभर टक्के."

पुढे बढत्या मिळाल्या, परदेश झाला, पण त्या दिवसाइतका स्वतःचा अभिमान मला परत वाटला नाही. आमच्या चेकलिस्टमध्ये पहिली ओळ आली: मशीन चालू करा, कशालाही हात न लावता दिवे बघा. तिचं नाव 'मेश्राम टेस्ट'. नव्या इंजिनिअरांना वाटतं, मेश्राम हे कुणी मोठे शास्त्रज्ञ असणार. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.