काकांनी मला पाठवलं नव्हतं

काका गेले तेव्हा मी अमृतसरला, एम.ए.च्या वर्गात बसले होते. बाबांचा फोन दोनदा आला, दोनदा कट केला, तिसऱ्यांदा बाहेर जाऊन घेतला. बाबा म्हणाले, "दादा गेले." मग विचारलं, तू येतीस ना? मी म्हटलं, "हाव." बोलले आणि जीभ चावली. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं 'हाव' म्हणजे 'हो', लोभाशी त्याचा काही संबंध नाही. जीभ चावली ती सवयीनं. आमच्या घरात कोणी 'हाव' म्हटलं की पलीकडून 'हो म्हण' असं यायचंच. त्या दिवशी आलं नाही, तेव्हा काका खरंच गेले हे कळलं.

मी पोचले तिसऱ्या दिवशी. रेणापूरच्या बसस्टँडवर उतरले तर समोरच काकांचा फ्लेक्स. फेटा बांधलेले काका, खाली काकांशी आयुष्यात चार शब्द बोलले नसतील अशा दहा-बारा जणांचे हात जोडलेले फोटो, आणि वर मोठ्या अक्षरांत 'भावपुर्ण श्रध्दांजली'. पु ऱ्हस्व. त्याखाली 'दुखःद निधन', विसर्ग भलत्याच अक्षरावर. ज्या माणसानं अख्ख्या तालुक्याच्या लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी तपासून दिल्या, त्याच्याच मरणाचं असं. मी तिथं उभी राहून हसले. लोकांनी बघितलं. बघू दे. मग शोकसभा झाली. तीन जण बोलले आणि तिघंही एकच बोलले, की गुरुजी काळाच्या पुढचे होते, त्यांनी पुतणीला उच्च शिक्षणासाठी थेट पंजाबला धाडलं. मी पहिल्या रांगेत होते. उठायला लागले तर बाबांनी मनगट धरलं. तिथं बोलू दिलं नाही म्हणून इथं लिहिते. हा खुलासा समजा. काकांनी मला पाठवलं नव्हतं, अडवलं होतं. आणि माणूस मेला की त्याला धुऊन पुसून चांगला करायचा ही पद्धत मला मान्य नाही.

काका शाळेत मराठी शिकवायचे आणि घरी पण तेच करायचे. ओसरीत, रस्त्यावरून दिसेल असा एक फळा होता. मधोमध उभी रेघ, डावीकडं 'अशुद्ध', उजवीकडं 'शुद्ध'. रोज सकाळी अंघोळ झाली की काका त्यावर एक जोडी लिहायचे. 'आशिर्वाद' डावीकडं, 'आशीर्वाद' उजवीकडं. इथपर्यंत ठीक. पण मधूनच 'हाय' डावीकडं आणि 'आहे' उजवीकडं. 'न्हाई' डावीकडं, 'लई' डावीकडं. म्हणजे माझे बाबा, शेजारची माणसं, भाजीवाल्या मावश्या, सगळं गाव रोज सकाळी डावीकडच्या रकान्यात. गाव मात्र येता-जाता कौतुकानं वाचायचं. मी आठ वर्षांची असताना खेळायला निघाले होते. काकांनी विचारलं, अभ्यास झाला का. मी म्हटलं, हाव. मला दाराशी उभं करून दहा वेळा 'हो' म्हणायला लावलं, आणि त्यातला सहावा नीट आला नाही म्हणून परत पहिल्यापासून. तोवर बाहेर डाव संपला होता. काकू लग्न होऊन औशाहून आली तेव्हा तिचंही 'हाव' होतं म्हणे. वर्षभरात गेलं. कसं गेलं ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही, याची मला आज लाज वाटते.

पुढं मी नांदेडला बी.ए.ला गेले, विद्यार्थी संघटनेत पडले, पत्रकं लिहायला लागले. शहराबाहेर विष्णुपुरीला शिकणाऱ्या मुलींना संध्याकाळी शहरात यायला बस नव्हती, रिक्षावाले कोंबून आणायचे, त्यावर आम्ही पावसाळाभर भांडलो. पत्रक घेऊन घरी गेले की काका मागणी काय आहे ते विचारायचे नाहीत, लाल पेनाचं टोपण काढायचे. बस सुरू झाली त्या दिवशी मी नांदेडहून आनंदानं फोन केला. काका म्हणाले, "तुमच्या पत्रकात 'विद्यार्थींनी' छापलं होतं. 'विद्यार्थिनी' हवं." आणि फोन ठेवला.

मग अमृतसरला भाषाशास्त्राच्या यादीत माझं नाव लागलं. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं, नाही तर जागा जाणार होती. आमच्या घरात शेत बाबा बघायचे आणि डोक्यानं करायचं सगळं दादांना विचारून. तसे आम्ही दोघं काकांसमोर बसलो. तिथं शिकणार काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बोली. माणसं कशी बोलतात ते. काका म्हणाले, त्यासाठी पंजाब कशाला, अशुद्ध आपल्याकडं दारात मिळतं. ते हसले, बाबा हसले नाहीत. मी वाद घातला, मुद्दे मांडले, बोटांवर मोजून मांडले. काकांनी ऐकून घेतलं आणि पुढचं बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"तोंड उघडलंस की हसतील तुला. नांदेडपर्यंत गेलीस, ते पुष्कळ झालं. जायचं नाही."

बाबा खाली बघत राहिले. विषय संपला. निदान त्या दोघांसाठी.

मला एकच काम येतं. मी नांदेडला गेले आणि पत्रक काढलं. 'माझ्या काकांना पाच जाहीर सवाल'. गावातली मुलगी नांदेडपर्यंत चालते तर पुढं का चालत नाही? हसणाऱ्याला कोणी काही का विचारत नाही? तुमच्या फळ्यावर डाव्या रकान्यात रोज कोणाची भाषा असते? असे सवाल. पाचवा मी निव्वळ टोचायला म्हणून घातला होता, की तुम्हाला एवढी खात्री कशी, तुम्हाला कोण हसलं होतं? घाईत छापलं, चुका राहिल्या. बाजाराच्या दिवशी रेणापूरच्या बसस्टँडवर उभी राहून मी ते स्वतः वाटलं. ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाबांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "काय गं पोरी, गुरुजी उभारलेत का निवडणुकीला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर जोडी नव्हती. तिथं माझं पत्रक चिकटवलेलं होतं, लाल पेनानं सोलून काढलेलं. सतरा चुका. खाली गोल करून गुण, पंचवीसपैकी आठ. मला गावासमोर नापास करायचं होतं त्यांना. पण बसस्टँडवर ज्यांनी पत्रक न वाचता खिशात कोंबलं होतं, ते सगळे आता ओसरीसमोर थांबून वाचायला लागले, कारण फळा वाचायची त्यांना सवय होती. चुका शोधता शोधता सवाल वाचून होत होते. मी कोपऱ्यात उभी राहून काकांची एक चूक पकडली. पाचव्या सवालात 'कोण'च्या जागी 'कोन' छापलं होतं, आणि त्याला लाल खूण नव्हती. आंधळ्यालाही दिसेल अशी अठरावी चूक. मला इतका आनंद झाला... म्हटलं, सुटली एक तुमच्या हातून.

दुपारी बाबा शेतातून आले. पायातलं न काढता फळ्यासमोर उभे राहिले आणि बोट फिरवत सगळं पत्रक वाचलं. काका आत खुर्चीवर बसलेले. बाबांनी मान वळवली नाही. फळ्याकडंच बघत म्हणाले, "दादा, चुका असतील. पण सवाल बरोबर हायत."

बाबांनी काकांसमोर 'हायत' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. चौथ्या दिवशी बाबांनी मला नांदेडच्या स्टेशनवर अमृतसरच्या गाडीत बसवलं. काका आले नाहीत. निघताना ओसरीत पेपर वाचत होते, तो त्यांनी खाली केला नाही. मी पण पाया पडले नाही. हे असं गेले मी पंजाबला. शोकसभेतल्या तिघांनी कृपया नोंद घ्यावी.

गाडीत दीड दिवस नांदेडचा गुरुद्वारा करून परतणारी मंडळी होती. मी नांदेडची म्हटल्यावर एका सरदारणी आजींनी मला खिडकीची जागा दिली आणि पराठे संपेपर्यंत माझ्याकडं लक्ष ठेवलं. विद्यापीठाच्या कचेरीत अर्ज घेणाऱ्यानं विचारलं, नांदेड म्हणजे हजूर साहिबचं नांदेड? माझ्या तोंडून निघालं, "हाव." तो म्हणाला, "हां जी, हां जी," आणि उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. आमच्याकडचे फिकीर, बेजार, तमाम हे शब्द तिथं कोणालाच उलगडून सांगावे लागले नाहीत. हसले लोक, पण दिवाळीच्या सुमाराला मी दोन स्वेटरांवर शाल घेऊन वर्गात आले म्हणून. मी मुद्दाम काकांना फोन केला, की कोणी हसलं नाही. काका म्हणाले, तुझ्यासमोर हसत नसतील.

उन्हाळ्यात घरी आले ती भेट शेवटची ठरली. प्रबंधासाठी मी रेणापूरची बोली घेतली होती, मोबाइलवर माणसांचं बोलणं रेकॉर्ड करत फिरत होते. सगळ्यांचं झालं, काका राहिले. मी मोबाइल त्यांच्यासमोर ठेवला. काका बोलले ते छापील पुस्तकासारखं, श्वाससुद्धा स्वल्पविरामावर घेत. म्हटलं, हे नको. लहानपणी तुम्ही काय म्हणायचे, 'हो' का 'हाव'? काका मोबाइलकडं बघत राहिले. मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा तो शब्द हवा होता. प्रबंधासाठी, असं मी त्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला जिंकायचं होतं. ते म्हणाले, "आठवत नाही." त्या रेकॉर्डिंगमध्ये माझ्या प्रश्नानंतर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे... मग ते दोन शब्द. जुलैत मी परत गेले आणि पुढच्या महिन्यात बाबांचा फोन आला.

दहाव्याच्या दिवशी भांडी आवरताना काकूनं मला सांगितलं. लग्नाच्या आधी काका एम.ए. करायला पुण्याला गेले होते. मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी हजेरी घेताना नाव पुकारलं आणि काकांनी उठून म्हटलं, हाव सर. वर्ग हसला. त्या दिवसापासून त्यांचं नावच 'हावसर' पडलं. खाणावळीत, वाचनालयात, जिन्यात. दिवाळीला घरी आले ते परत गेलेच नाहीत. काकूला हे सासूकडून कळलं होतं, काकांकडून कधीच नाही.

मला पाचवा सवाल आठवला, तुम्हाला कोण हसलं होतं. 'कोन'. त्याला खूण का नव्हती, ते भांड्यांपुढं बसल्या बसल्या कळलं.

आता वाचकांना वाटेल की मला काकांची दया आली. नाही आली. राग आला, दुप्पट. हसणाऱ्या त्या वर्गाचा आला. ती पोरं आज कुठंतरी निवृत्त होऊन बसली असतील आणि आपण एक माणूस माघारी पाठवला हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल. आणि काकांचा आला. एक हसणं त्यांनी आयुष्यभर सांभाळलं आणि आमच्यात वाटलं. काकूला दिलं, बाबांना दिलं, शाळेतल्या दर वर्षीच्या पोरांना दिलं, मला आठव्या वर्षी दाराशी उभं करून दिलं. त्यांनी मला हे एकदा सांगितलं असतं तर मी त्या पुण्याच्या वर्गावर पत्रक काढलं असतं. सतरा चुकांचं का होईना. नाही सांगितलं. मला अडवलं.

फळा अजून ओसरीत आहे. गेले त्या दिवशी सकाळी काका फळ्यापाशीच खाली बसले आणि त्यांना लातूरच्या दवाखान्यात नेलं ते तसंच. काकूनं कोणाला पुसू दिलं नाही. डावीकडं, 'अशुद्ध'खाली, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय, 'हाव'. उजवीकडं काहीच नाही. शोकाला आलेले लोक त्यासमोर उभे राहून हळहळत होते. एक जण म्हणाला, गुरुजी शेवटी बदलले बघा. मला ते पटत नाही. छातीत कळ आली असेल, खडू सुटला असेल, एवढंच. मी त्यातून काही काढणार नाही. मेलेल्या माणसाच्या वतीनं कबुलीजबाब लिहायचा मला अधिकार नाही.

पण फळा घरचा आहे. तेराव्याला, परत गाडीला निघायच्या आधी, मी खडू घेतला आणि उजवीकडं 'शुद्ध'खाली लिहिलं, 'हाव'. अक्षर वाकडं आलं. काकू दारात उभी होती. तिनं डावीकडचं वाचलं, मग उजवीकडचं, ओठ हलवत. मी विचारलं, "काकू, राहू दे ना असंच?"

काकूनं एकदा आत बघितलं, काकांच्या खुर्चीकडं.

"हाव," ती म्हणाली.