सरांच्या बिनचाकी विमानाला जागा

विमान विकत घेण्याआधी ते ठेवायचं कुठे याचा विचार करावा, एवढंही आमच्या मालकाला सुचलं नाही. ऑफिसात मी त्याला सर म्हणते, अहोजाहो करते. इथे करणार नाही.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात त्याची एसीचे डक्ट बनवायची फॅक्टरी आहे आणि मी तिथली अ‍ॅडमिन. लग्न करून वसईहून इथे आले, त्यानंतर काही महिन्यांतच या खुर्चीत बसले, ती अजून बसलेली आहे. अ‍ॅडमिन म्हणजे कामगारांचे व्हिसा, त्यांच्या लेबर कॅम्पातला बिघडलेला वॉटर कूलर, मालकाच्या मेहुण्याचं ड्रायव्हिंग लायसन्स, जे कुणाचंच काम नाही ते सगळं माझं. त्यात विमानाची भर पडली.

ते सीप्लेन होतं. पाण्यावरून उडायचं, पाण्यावरच उतरायचं. पोटाखाली चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांबलचक पोकळ फ्लोट. काही सीप्लेनना फ्लोटमध्ये चाकंही बसवलेली असतात, म्हणजे गरज पडली तर ती विमानतळावरही उतरू शकतात. याने बिनचाकांचं घेतलं. कारण विचारलं तर म्हणाला, चाकांमुळे लुक बिघडतो. स्वतःला विमान चालवता येत नव्हतं, शिकायचा विचारही नव्हता. कुणाच्या तरी यॉटवर जेवायला गेला होता, तिथे एका गोऱ्याने आपल्या सीप्लेनचे फोटो दाखवले, आणि त्या रात्री याला झोप लागली नाही. हे त्याने मला स्वतः सांगितलं, वर अभिमानाने.

पंख सोडवून, कंटेनरमध्ये घालून ते जेबेल अली बंदरात आलं तेव्हा त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. एक पार्किंग बघ म्हणाला. पाण्यावर तरंगतं म्हणून मरीनाला चालेल, आकाशात उडतं म्हणून विमानतळाला चालेल, दोन-दोन ऑप्शन आहेत, त्यात काय एवढं? पंधरवड्यात त्याला पार्टी ठेवून पाहुण्यांना विमान दाखवायचं होतं.

मी आधी मरीनात गेले. तिथला लेबनीज मॅनेजर सभ्य माणूस होता. त्याने कॉफी दिली आणि पंखांची रुंदी विचारली. मी सांगितली. त्याने काचेतून खाली बघितलं. यॉट एकमेकींना खेटून उभ्या होत्या, डोलकाठ्यांचं नुसतं रान. इथे ते आत आलं तर पंखाने किती जणांच्या काचा फुटतील, असं त्याने अगदी शांतपणे विचारलं. सरने मला बजावून पाठवलं होतं, आपण मोठी पार्टी आहोत हे पहिल्या वाक्यात सांग. मला ते सांगायची लाज वाटली. मी कॉफी संपवून उठले.

मग विमानतळ. लहान विमानं ठेवायची सोय असलेलं एक मैदान शहराबाहेर आहे. तिथल्या ऑफिसातली एमिराती मुलगी माझ्या लेकीपेक्षा थोडीच मोठी असेल. चाकं नाहीत तर धावपट्टीवरून उडणार कसं, तिने विचारलं. मी म्हटलं, इथून उडणार नाही, ट्रेलरवर घालून समुद्रावर नेऊ. मग समुद्राजवळच का ठेवत नाही? मी फाइल बंद करून तिचे आभार मानले. सरला हे सांगितलं तेव्हा तो वैतागून म्हणाला की मला बोलता येत नाही. त्याने स्वतः फोन लावला, हबीबी हबीबी करून बराच वेळ बोलला, आणि फोन ठेवल्यावर मला समजावलं की त्या लोकांना व्हिजन नाही.

तोपर्यंत विमान शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या गोडाउनमध्ये पडून होतं. डक्टच्या पत्र्यांच्या थप्प्या, त्यांच्यामध्ये ताडपत्रीखाली ते. एकदा कामासाठी गेले तेव्हा मी ताडपत्री उचलून पाहिलं. पांढरंशुभ्र, हलकं, किती नेटकं बनवलेलं. फ्लोटवर हात ठेवला तर थंड लागला. कुणीतरी फार मन लावून बनवलेली वस्तू कुणाच्या हातात येऊन पडली, असं वाटलं आणि मला मालकाचा अधिकच राग आला.

जागा शेवटी मीच शोधली. उत्तरेकडच्या उम्म अल कुवैन या छोट्या अमिरातीत खाडीच्या काठावर एक जुना बोट क्लब आहे. नवरा हॉटेलात शेफ आहे, त्याला तिथल्या मासळीबाजाराची माहिती होती, त्यातून धागा लागला. क्लब चालवणारी बाई साठी ओलांडलेली, एमिराती, मुंबईच्या व्यापाऱ्यांशी बोलून बोलून शिकलेली पक्की हिंदी बोलणारी. पूर्वी तिच्याकडे एका परदेशी डॉक्टरचं सीप्लेन असायचं. त्याच्यासाठी बांधलेली उतरण थेट पाण्यात जात होती, वर शेड होती, आणि मीठ धुवायला गोड्या पाण्याचा नळ होता. खारं पाणी अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं, रोज धुवावं लागतं, ती म्हणाली. परवानग्या कुठून घ्यायच्या हेही तिला ठाऊक होतं. फक्त एक अट होती: मालकाला घेऊन ये, मला माणूस बघू दे.

मला खरंच आनंद झाला होता. त्या कंटाळवाण्या कामाला एक चांगला शेवट मिळतोय असं वाटत होतं.

शनिवारी आम्ही गेलो. सर पांढरे बूट घालून आला होता. ओहोटी होती, खारफुटीच्या मुळांशी फ्लेमिंगो चरत होते, दोन कोळी जाळं झटकत होते. त्याने शेड बघितली नाही, उतरण बघितली नाही. गोल फिरून चारी बाजूंना नजर टाकली आणि मला मराठीत म्हणाला, "इथे बघणार कोण?"

बाईने मला विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, जागा फार शांत आहे म्हणतात.

ती माझ्याकडे बघून किंचित हसली. मग त्याच्याकडे वळून तिने सरळ विचारलं, "आपको उड़ाना है या दिखाना है?"

सरला हा विनोद वाटला. तो मोठ्याने हसला. "दोनों, मॅडम, दोनों."

"खलास," ती म्हणाली. "मेरे पास सिर्फ़ उड़नेवालों की जगह है." तिने मला मात्र चहा घेऊन जायला सांगितलं. तो गाडीत एसी लावून बसला आणि मी मुद्दाम दोन कप प्यायले.

परतताना त्याने म्हातारीला अ‍ॅटिट्यूड आहे असं दोनदा म्हटलं. मग म्हणाला, क्राउड असेल अशी जागा बघ. मी म्हटलं, सर, क्राउड असतो तिथे विमान उतरत नाही. त्यावर त्याने शारजापर्यंत जुनी गाणी लावून ठेवली, आणि तेवढा प्रवास छान झाला.

पुढच्या आठवड्यात त्याला स्वतःच कल्पना सुचली. फॅक्टरीच्या दारात लोखंडी स्टँड उभारला, विमानाला पंख लावले आणि क्रेनने वर चढवलं. शेपटीवर कंपनीचा लोगो. उजव्या पंखामुळे आता ट्रेलरला वळता येत नाही, म्हणून सगळा माल मागच्या गेटने जातो आणि ड्रायव्हर लोक मला शिव्या देतात. पार्टीच्या दिवशी सर शिडी लावून फ्लोटवर उभा राहिला, फोटो काढून घेतले, वीकेंडला मी जरा एक चक्कर मारतो असं पाहुण्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यांत इतके इंजिनिअर, पण एकालाही विचारावंसं वाटलं नाही, याला चाकं नाहीत आणि जवळपास पाणी नाही, मग चक्कर कुठून मारता? माझी लेक शेजारी उभी होती. "मम्मा, ही कान्ट इव्हन स्विम," ती हळूच म्हणाली, आणि मी तिला गप्प केलं नाही.

स्टँडसाठी परवानगी काढणं अर्थातच माझ्याकडे आलं. मी अर्जात विमान असं लिहिलं की प्रश्नांवर प्रश्न यायचे. शेवटी काउंटरवरच्या माणसाने सुचवलं, जाहिरातीचा बोर्ड म्हणून टाका. तसं टाकलं आणि काम झालं. सरला सांगितलं की सरकारी दफ्तरात आपलं विमान आता बोर्ड आहे. वाटलं होतं, थोडं तरी लागेल त्याला.

"चालेल," तो म्हणाला. "मग लाइट अजून मोठे लावता येतील का, विचारून घे."