ऐंशी न्यूटन आणि पाटा-वरवंटा

ऐंशी न्यूटन म्हणजे ऐंशी किलो, असं मी ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. भिवंडीत शेठच्या चार मागांवर मी जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. त्यात जुना मॅट्रिक, म्हणून सगळे मला मास्टर म्हणत. मास्टर कधी कुणाला विचारतो का?

नव्वदच्या आसपासची गोष्ट. एका व्यापाऱ्यानं नव्या जातीच्या सुताचा बीम, म्हणजे ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, शेठकडे नमुन्यादाखल पाठवला. कापड पसंत पडलं तर त्याचं सूत कायम येणार, नाहीतर माग बंद आणि मी घरी. शेठकडे दुसरं कामच उरलं नव्हतं. सुतासोबत इंग्रजी कागद आला होता : बीमच्या दांडीला ऐंशी न्यूटन ओढ द्या.

ही दांडी बीमच्या मागं असते. तिला वजन टांगलं की बीम धागा आवरून सोडतो. वजन फार झालं तर सोडतच नाही. एरवी आम्ही कुठं मोजायचो! जुनं चाक, लोखंडाचा तुकडा, हाताला पटेल ते टांगायचं. पण यावेळी कागद होता ना. भंगार गोळा केलं, ते पुरेना. मग सायकलवर घरी जाऊन पाटा-वरवंटा उचलून आणला. बायको वाटण करायला बसतच होती.

"मास्टर, अब आप भी लटक जाओ," मागावरचा कारीगर म्हणाला.

माग सुरू झाला आणि धागे तटातट तुटायला लागले. कारीगर गाठी मारायचा, पुढच्या फटक्याला पुन्हा तुटायचे. "बीम तो पत्थर हो गया, मास्टर! हिलता ही नहीं!" शेठ जुम्म्याच्या नमाजला गेले होते आणि येताना व्यापाऱ्याला घेऊनच येणार होते.

न्यूटनचा धडा मी मॅट्रिकला ऑप्शनला टाकला होता. आमचं सगळं जुन्या मापात, डाइनवर चालायचं. घाम पुसता पुसता त्या धड्यातली एकच ओळ आठवली : एक न्यूटन म्हणजे एक लाख डाइन. खडू घेतला आणि भिंतीवर मांडलं. ऐंशी लाख डाइन! पण एका ग्रॅमच्या वजनाला नऊशे ऐंशी डाइन, हे पाठ होतं. भागाकार केला. आठ हजारांच्या वर ग्रॅम आले. म्हणजे आठ किलो. वाटलं, एक शून्य खाल्लं. पुसून पुन्हा केला. पुन्हा आठच.

धावत जाऊन वजनं सोडायला लागलो. पाटा काढला, भंगार काढलं. वरवंटा धरून आठ किलोच्या आसपास ठेवलं आणि माग असा चालायला लागला, जसं काही झालंच नव्हतं. तेवढ्यात दारात शेठ आणि व्यापारी उभे.

व्यापाऱ्यानं विणलेल्या कापडावरून बोटं फिरवली. "शेठ, हे कापड आहे की गोधडी?"

"साहेब, आता बरोबर चाललंय, थोडं थांबून बघा तरी," मी हात जोडले.

"तुम्हाला शिकायला माझंच सूत सापडलं का?"

बीम उतरवून टेम्पोत चढवला. मागाचा आवाज थांबला की त्या जागेत कसं वाटतं, ते सांगता येत नाही. शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिकलेला म्हणून कागद तुझ्या हातात दिला मी. उद्या येऊ नको. बोलावलं तर ये."

तेलानं माखलेला पाटा कॅरिअरला बांधून घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, डाइनसकट. ती भिवंडीजवळच्या दिघाशी गावची. पाट्याला राख लावून घासत बसली. मग मान वर न करता म्हणाली,

"वरवंटा तिथंच ऱ्हायला न्हाय का? मग उद्या जाच. वरवंटा न्यायला आलो म्हना, शेठ काय दारातनं परत धाडनार न्हाय."